नेपल्समधील दोन वेळचे जेवण

परदेशी निघालेला भारतीय प्रवासी विमानाचे भाडे महिनोन्महिने आधी मोजून ठेवतो, उतरण्याच्या जागेचा दर चार ठिकाणी विचारून पाहतो. पोटाचा हिशेब मात्र तो दैवावर सोडून देतो. तिकिटाचे पैसे एकदाच जातात, भूक मात्र दिवसातून तीनदा लागते. परक्या मुलखात उतरल्यावर पहिले दोन दिवस तो एखाद्या प्रसिद्ध देवळासमोरच्या वा चौकातल्या उपाहारगृहात बसतो, पाच भाषांत छापलेले पदार्थपत्रक पाहून निर्धास्त होतो आणि मग हाती आलेले बिल पाहून हादरतो. तिसऱ्या दिवसापासून खोलीत बसून घरून आणलेला चिवडा आणि दशम्या खाणे सुरू होते. ज्या देशात जेवण हा लोकांच्या जीवनातील एक प्रमुख कलाव्यवहार आहे, त्या इटलीतून चिवड्यावर दिवस काढून परत येणारी माणसे थोडीथोडकी नाहीत. त्यात शाकाहारी माणसाची स्थिती अधिकच अवघड. त्याला पैशाची चिंता असतेच. शिवाय ताटात काय आले आहे याविषयीचा संशय प्रत्येक घासाला सतावत असतो.

असा प्रवासी इटलीत असेल तर त्याने निदान काही दिवस नेपल्समध्ये काढावेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस या नगरांचा डौल नेपल्सला नाही. शहर दाटीवाटीचे, कर्णकर्कश, बऱ्याच ठिकाणी अस्वच्छ. अरुंद बोळांतून कपडे वाळत घातलेले, आणि त्या बोळांतून पादचाऱ्यांच्या अंगावरून जाणाऱ्या दुचाक्या. मुंबईच्या गिरगावात वा काळबादेवीत वाढलेल्या माणसाला हे सारे फारसे परके वाटू नये. परंतु इटलीच्या मोठ्या शहरांत थोड्या पैशांत पोटभर आणि उत्तम जेवावयाचे असेल, तर या नगराच्या तोडीचे दुसरे ठिकाण सापडणे कठीण. याचे कारण तेथील दुकानदारांचे औदार्य हे नव्हे. या शहराने शतकानुशतके दारिद्र्य भोगले, आणि त्या दारिद्र्यातूनच आपली पाकविद्या घडविली. आज जगभर मिरविणारे तेथील बहुतेक पदार्थ मुळात गरिबाचे अन्न होत.

सतराव्या शतकापूर्वी नेपल्सच्या रहिवाशांना इतर इटालियन लोक थट्टेने ‘पाने खाणारे’ म्हणत. ‘मांजाफोल्या’ हा त्यासाठी शब्द होता. कोबी आणि तत्सम पालेभाज्या, त्यांच्या जोडीला जमेल तसे मांस, हे तेथील सामान्य माणसाचे जेवण होते. पुढे स्पॅनिश राजवटीत शहराची वस्ती इतकी वाढली की नेपल्स युरोपातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक झाले. एवढ्या तोंडांना पुरेल इतके मांस आणि ताजी भाजी भोवतालच्या प्रदेशातून मिळेना. करांचा बोजा तर असा, की १६४७ च्या जुलै महिन्यात मासानिएल्लो नावाच्या एका मासेविक्या तरुणाच्या पुढारीपणाखाली जो प्रचंड उठाव झाला, त्याला फळांवर बसविलेला कर निमित्त झाला होता. गरिबाच्या हातातले फळही महाग झाल्यावर त्याच्याजवळ उरणार काय? याच शतकात कणीक मळण्याची आणि दाबून शेवया काढण्याची यंत्रे प्रचारात आली. वाळविलेली पास्ता स्वस्त झाली आणि ती टिकाऊही होती. इतिहासकार एमिलिओ सेरेनी यांनी १९५८ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. ‘पाने खाणारे’ नापोलीकर बघता बघता ‘मॅकरोनी खाणारे’ झाले. कवी गटे १७८७ मध्ये तेथे गेला, तेव्हा ही मॅकरोनी जिकडेतिकडे अल्प किमतीस मिळते, नुसती पाण्यात उकडून वरून किसलेले चीज भुरभुरले की झाले, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात रस्त्यावर हातांनी लांबलचक मॅकरोनी तोंडात सोडणारी गरीब माणसे ही युरोपीय प्रवाशांच्या दृष्टीने एक प्रेक्षणीय वस्तू होऊन बसली. त्यांची चित्रे आणि छायाचित्रे विकली जात. भुकेलेल्या माणसाच्या जेवणाचा तमाशा व्हावा, ही गोष्ट तेथे जाणाऱ्या आजच्या प्रवाशानेही जाताना मनात ठेवण्यासारखी आहे.

पिझ्झ्याची कथा याहून वेगळी नाही. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांडर द्यूमा याने १८४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या नेपल्सवरील पुस्तकात लिहिले, की तेथील कंगाल वर्ग उन्हाळ्यात कलिंगडावर आणि हिवाळ्यात पिझ्झ्यावर जगतो, आणि पिझ्झ्याचा भाव पाहिला की त्या दिवशी बाजारात मासळी किती आली हे कळते. पुढे १८८४ मध्ये मातिल्दे सेराओ या पत्रकार-लेखिकेने ‘नेपल्सचे उदर’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्या साली शहरात पटकीची भयंकर साथ आली होती. गरीब वस्त्या पाडून रस्ते रुंद करावेत असे सरकार म्हणत होते. सेराओबाईंनी त्या वस्त्यांत माणसे काय खातात, कशी जगतात हे दाखवून दिले. एका सोल्दोच्या, म्हणजे पैशा-दोन पैशांच्या नाण्याला मिळणारा पिझ्झ्याचा तुकडा ही त्या वस्तीतल्या कित्येकांची न्याहारी आणि दुपारचे जेवणही होते. एका हिशेबी व्यापाऱ्याने रोममध्ये असे दुकान काढून पाहिले, आरंभी ते चालले आणि नंतर बसले, अशीही एक हकीकत त्या पुस्तकात आहे. आज जगाच्या पाठीवर जेथे पिझ्झा मिळत नाही असे शहर शोधावे लागेल. म्हणून ती हकीकत वाचताना मौज वाटते.

१८८९ मध्ये राणी मार्गेरिता हिच्या सन्मानार्थ तांबडे टोमॅटो, पांढरे मोत्झारेल्ला चीज आणि हिरवी तुळशीसारखी पाने घालून राष्ट्रध्वजाच्या रंगांचा पिझ्झा करण्यात आला, आणि त्यावरून ‘मार्गेरिता’ हे नाव पडले, अशी कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. कथा गोड आहे. मात्र ज्या पत्रावर तिची मदार आहे त्याच्या खरेपणाविषयी अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या आहेत, आणि चीज व तुळस घातलेला पिझ्झा त्यापूर्वी कितीतरी वर्षे तेथे होत होता. राणीच्या कथेपेक्षा ‘आठ दिवसांच्या’ पिझ्झ्याची चाल अधिक मोलाची आहे. आज खावे आणि आठ दिवसांनी पैसे द्यावेत, असा उधारीचा हा व्यवहार. द्यूमासाहेबांची येथे गंमतीची फसगत झाली. ‘आठ दिवसांचा’ म्हणजे आठवड्याचा शिळा पिझ्झा, असे त्यांना वाटले! व्हित्तोरिओ दे सीका यांच्या १९५४ च्या ‘नेपल्सचे सोने’ या चित्रपटात सोफिया लॉरेन हिने अशीच उधारीवर पिझ्झा विकणारी स्त्री रंगविली आहे. दुसऱ्या महायुद्धात शहर बॉम्बवर्षावाने उद्ध्वस्त झाले होते. त्यानंतरच्या टंचाईच्या काळात भट्टी नसलेल्या घरांतील बायका दाराशी कढई मांडून पिझ्झा तळून विकू लागल्या. तोच तळलेला पिझ्झा आज तेथील एक मान्यवर पदार्थ आहे.

या पार्श्वभूमीवर प्रत्यक्ष दिनक्रमाकडे वळू. सकाळ उजाडली की नापोलीकर घरात न्याहारीचा थाट मांडीत बसत नाही. तो कोपऱ्यावरच्या ‘बार’मध्ये जातो. आपल्याकडे या शब्दाचा जो अर्थ होतो तो येथे मनातून काढून टाकावा. इटलीतील बार म्हणजे कॉफी, पाव आणि गोड पदार्थांचे दुकान. आबालवृद्ध तेथे जातात. येथील पहिला नियम असा, की कॉफी उभ्याने प्यावी. तीच कॉफी टेबलाशी बसून घेतली तर पुष्कळ ठिकाणी दुप्पट-तिप्पट दर पडतो, आणि हे दोन्ही दर भिंतीवरच्या फलकात दिलेले असतात. म्हणजे ती फसवणूक नसून खुर्चीचे भाडे असते. पुष्कळ बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यावी लागते आणि ती पावती मांडणीवर ठेवून कॉफी मागावी लागते. हा क्रम न जाणणारा प्रवासी मांडणीपुढे पाच-दहा मिनिटे ताटकळतो आणि आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही म्हणून मनात खट्टू होतो. कॉफी अगदी दोन घोटांची, काळी, दाट, आणि कढत पेल्यात दिलेली असते. तिच्याबरोबर, खरे म्हणजे तिच्याआधी, पाण्याचा एक लहान पेला मिळतो. तोंड स्वच्छ करून मग कॉफीची चव घ्यावी, हा त्यामागचा हेतू. पेलाभर दुधाळ कॉफीची सवय असलेल्या माणसाने ‘काप्पुच्चीनो’ मागावी. मात्र दुपारच्या जेवणानंतर ती मागितली, तर वाढणारा देईल, पण भुवई उंचावून. जोडीला ‘ग्राफ्फा’ घ्यावा. उकडलेला बटाटा कणकेत मिसळून केलेले हे साखरेत घोळलेले तळणीचे कडे फार हलके असते. ही सारी न्याहारी साधारण तीन युरोंच्या आत होते.

दुपारच्या जेवणासाठी जुन्या शहरातील विया देई त्रिबुनाली वा ‘स्पाक्कानापोली’ म्हणून ओळखला जाणारा सरळसोट रस्ता धरावा. ग्रीकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी आखलेली ही रस्त्यांची रचना आजही तशीच आहे. १९९५ मध्ये युनेस्कोने हा सारा भाग जागतिक वारशात घेतला. येथे पिझ्झ्याच्या दुकानांच्या दर्शनी काचपेटीत लहान आकाराचे पिझ्झे मांडलेले असतात. मागितला की दुकानदार त्याची चौघडी घडी घालून कागदात गुंडाळून हाती देतो. याला ‘पोर्ताफोल्यो’, म्हणजे पैशाच्या पाकिटासारखा, म्हणतात. दोन-तीन युरोंत एका माणसाची भूक भागते. हातांनी खाण्याचा आपला संस्कार येथे फारच उपयोगी पडतो. काट्या-चमच्याने त्याच्याशी झुंजणाऱ्या उत्तरेकडील पाहुण्यांची कीव यावी! बसून खावयाचा पूर्ण आकाराचा पिझ्झा मोठ्या दुकानात सहसा पाच ते आठ युरोंच्या दरम्यान मिळतो. लाकडाच्या जाळाच्या भट्टीत, साडेचारशे अंशांच्या आसपासच्या धगीत, तो जेमतेम दीड मिनिटात भाजून निघतो. त्याची कड फुगलेली, मध्य मऊ आणि ओलसर असतो. भारतात मिळणारा कडक, भाज्यांनी लादलेला पिझ्झा ज्याने खाल्ला आहे, त्याला हा कच्चा राहिला आहे की काय असे प्रथम वाटते. तसे नव्हे, तो असाच असावयाचा. युरोपीय संघाने २०१० मध्ये या पद्धतीला पारंपरिक खाद्यपदार्थ म्हणून संरक्षण दिले, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झाकारांच्या कलेची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली.

शाकाहारी माणसाने ‘मारिनारा’ हा शब्द पाठ करून ठेवावा. नावात समुद्र असल्यामुळे त्यात मासे असतील अशी भीती वाटते आणि तो नेमका हाच पिझ्झा टाळतो. वस्तुतः यात टोमॅटो, लसूण, ओरेगानोची वाळलेली पाने आणि ऑलिव्हचे तेल एवढेच असते, चीजही नसते. खलाशांच्या नावाने ओळखला जाणारा हा पिझ्झा सर्वांत स्वस्तही असतो. विया चेझारे सेर्साले येथील ‘दा मिकेले’ या १८७० पासूनच्या प्रख्यात दुकानाचा लौकिक मारिनारा आणि मार्गेरिता या दोनच प्रकारांवर उभा राहिला.

याउलट ज्या पदार्थांत मांस असेल अशी कल्पनाही येणार नाही, अशा कित्येक पदार्थांत ते दडून बसलेले असते. ‘फ्रिज्जितोरिया’, म्हणजे तळणीचे दुकान, ही नेपल्सची खास संस्था. शंकूच्या आकाराच्या कागदी पुडक्यात, ज्याला ‘क्वॉप्पो’ म्हणतात, गरम तळण भरून देतात. त्यात मक्याच्या पिठाच्या वड्या असतात, फुगलेल्या पिठाचे गोळे असतात, आणि हंगामात भोपळ्याच्या जातीच्या फुलांची भजीही असतात. कोकणात भोपळ्याच्या फुलांची भजी खाल्लेल्या माणसास ती पाहून घरची आठवण झाली तर नवल नाही. हे सारे बहुधा निर्धोक. पण बटाट्याच्या लांबट वड्यात पुष्कळदा सालामीचे बारीक तुकडे असतात. मॅकरोनीच्या तळलेल्या थापीत खिमा असतो. बाहेरून कळत नाही, म्हणून विचारूनच घ्यावे. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, हे चार शब्द स्पष्ट उच्चारले तर काम भागते. नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. कारण डुकराचे सुकविलेले मांस, हॅम वगैरे प्रकार तेथील कित्येकांच्या लेखी ‘मांस’ या सदरात मोडतच नाहीत. पावटा-राजम्यासारख्या कडधान्यात शिजविलेली पास्ता हा अत्यंत स्वस्त आणि पौष्टिक पदार्थ. पण कोठे कोठे तिच्यात डुकराच्या कातडीचा तुकडा टाकलेला असतो. मिरी घातलेल्या खुसखुशीत ‘तारल्ली’ कड्यांत आणि पापुद्र्यांच्या ‘स्फोल्यातेल्ला’ या सुप्रसिद्ध मिठाईत परंपरेने डुकराची चरबी वापरतात; ‘स्त्रुत्तो’ किंवा बोलीतील ‘न्झोन्या’ हे शब्द कानावर पडले की समजावे. पार्मेजानोसारखी जुनी चीजे वासराच्या जठरातील विरजणाने जमवितात, हेही काटेकोर शाकाहाऱ्याला ठाऊक असलेले बरे. ज्याला अंडे-चीज चालते पण मांस चालत नाही, त्याची या शहरात उपासमार होण्याचे मात्र काही कारण नाही.

दुपारचे खरे भोजन ‘त्रात्तोरिया’मध्ये. हे घरगुती भोजनगृह. त्याची पारख करण्याची खूण सोपी आहे. जेथे दाराशी माणूस उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो, जेथे पदार्थांची रंगीत छायाचित्रे लावलेली असतात, तेथून पुढे चालावे. जेथे त्या दिवशी शिजलेल्या सहा-आठ पदार्थांची यादी हाताने लिहिलेली असते, जेथे भोवतालच्या दुकानांतील कामगार आणि कारकून एक वाजता घाईने येऊन बसतात, तेथे आत शिरावे. इटालियन जेवणाचे क्रम तीन-चार असतात. प्रथम पास्ता वा भात, मग मांस वा मासे, बाजूला भाजी, शेवटी फळ. हे सर्व मागविलेच पाहिजे असे बंधन नाही. ‘प्रीमो’, म्हणजे पहिला क्रम, आणि एक ‘कोन्तोर्नो’, म्हणजे भाजी, एवढ्यावर जेवण पुरे होते आणि खर्च बारा-पंधरा युरोंच्या घरात राहतो.

या पहिल्या क्रमात बटाटा घातलेली पास्ता असेल तर दुसरे काही पाहू नये. पास्ता आणि बटाटा एकत्र शिजवून त्यात ‘प्रोव्होला’ हे धुरावलेले चीज विरघळवितात. भाताबरोबर बटाट्याची भाजी खाणाऱ्या भारतीयाला या मिश्रणात वावगे वाटणार नाही. या पदार्थाला लागणारी पास्ता नाना आकारांची मिसळलेली असते. पूर्वी किराणा दुकानदाराच्या खणाच्या तळाशी जे निरनिराळ्या पास्त्यांचे मोडके तुकडे उरत, ते एकत्र करून गरिबांना स्वस्तात विकले जात. पुढे दुकानांतले खण गेले, पाकिटे आली. पण जिभेला लागलेली चव गेली नाही. म्हणून आज कारखानदार ते मोडक्या तुकड्यांचे मिश्रण मुद्दाम तयार करून विकतात. दुसरा एक पदार्थ म्हणजे ‘पळून गेलेल्या शिंपल्यांची’ शेवयांची पास्ता. टोमॅटो, लसूण, अजमोद्याची हिरवी पाने, सर्व सिद्धता शिंपल्यांच्या पदार्थाची. फक्त शिंपले नाहीत, कारण ते विकत घेण्याची ऐपत नव्हती! नापोलीकराच्या विनोदाची जात या एका नावात कळून येते. वांग्याचे तळलेले काप, टोमॅटोचा रस आणि चीज यांचे थर देऊन भाजलेली ‘पार्मिजाना’ ही तर शाकाहाऱ्यांची अन्नपूर्णाच. ‘फ्रियारिएल्ली’ ही मोहरीच्या कुळातील किंचित कडवट पालेभाजी लसूण आणि तिखट मिरचीवर परतून देतात. पंजाबातील सरसूचे साग ज्याने खाल्ले आहे त्याला तिची ओळख पटावयास वेळ लागत नाही. तिच्या शेजारी बहुधा मांसाचे सॉसेज येते, ते नको म्हणून आधीच सांगावे.

टोमॅटो, बटाटा, मिरची या तिन्ही वस्तूंवाचून आजचे नेपल्सचे जेवण कल्पनेतही आणता येत नाही, आणि या तिन्ही मुळात अमेरिकेतल्या. स्पॅनिश लोकांमुळे त्या नेपल्सला पोहोचल्या. अंतोनिओ लातीनी याने नेपल्समध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या पाकग्रंथात टोमॅटोची चटणी दिली आहे, ती ‘स्पॅनिश पद्धतीची’ म्हणूनच. पास्त्यावर टोमॅटो घालण्याची लेखी कृती तर १८३९ च्या सुमाराची, इप्पोलितो काव्हाल्कांती याच्या पुस्तकातली. तिकडे हे चालले असता पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिकेतील हीच पिके गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत होती. मराठीतील ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला आहे. मालवणच्या वा पुण्याच्या माणसाला नेपल्सच्या स्वयंपाकघरात जो ओळखीचा वास येतो, त्याचे कारण येथे आहे.

मत्स्याहारी प्रवाशाला, विशेषतः कोकणातील, गोव्यातील वा बंगालमधील माणसाला, पिन्यासेक्का किंवा पोर्ता नोलाना येथील बाजार दाखविला पाहिजे. पिन्यासेक्काचा बाजार मोंतेसांतो स्थानकाला लागूनच आहे. निळ्या पत्र्यांच्या परातींत पाण्यात खेळणारी शिंपली, कालवे, माकुळ, ओरडणारे विक्रेते, पायाखाली ओल. काही मासेविके तेथल्या तेथे लहान मासे पिठात घोळवून तळून कागदाच्या पुड्यात देतात. ‘आलीची’ नावाचे बोटाएवढे मासे आपल्या मांदेलीची आठवण करून देतात. ते स्वस्त असतात आणि काट्यासकट खाता येतात. भोजनगृहात मासे मागविताना मात्र एक सावधगिरी बाळगावी. पदार्थपत्रकात किमतीपुढे ‘एत्तो’ असे लिहिले असेल, तर ती किंमत शंभर ग्रॅमची असते, पूर्ण माशाची नव्हे. सात युरो वाचून मागविलेला मासा सहाशे ग्रॅमचा निघाला, की बेचाळीस युरोंचा धक्का बसतो. मासा शिजविण्यापूर्वी वजन करून किंमत सांगण्याची विनंती केली तर कोणी वाईट मानीत नाही.

हा ‘एत्तो’ बाजारात मात्र मित्र ठरतो. ‘सालुमेरिया’ नावाच्या किराणा-खाद्य दुकानात जाऊन एक एत्तो चीज, अर्धा एत्तो ऑलिव्ह असे मागता येते, आणि दुकानदार ते तेथेच पाव चिरून त्यात भरून देतो. पावाच्या लादीचा टोकाकडचा भाग कोरून त्यात भाजी वा वांगी भरतात. त्याला ‘कुत्सेतिएल्लो’ म्हणतात. एक खाल्ला की रात्रीपर्यंत भूक लागत नाही. फळे घेताना ती हाताने चाचपू नयेत, विक्रेता चिडतो. काय हवे ते बोटाने दाखवावे, निवडण्याचे काम त्याचे.

पाण्यासाठी खर्च करण्याची गरज फारशी नाही. पटकीच्या साथीनंतर, १८८५ मध्ये, सेरीनोच्या झऱ्यांचे पाणी जलवाहिनीने शहरात आणण्यात आले. नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, आणि रस्त्यांवरील सार्वजनिक नळांवर बाटली भरून घेता येते. भोजनगृहात मात्र बाटलीबंद पाणीच समोर येते व त्याचे पैसे पडतात. साधे हवे की वायूचे, एवढे विचारले जाते. उन्हाळ्यात चौकाचौकांत लिंबूपाण्याच्या टपऱ्या दिसतात. तेथील खास पेय म्हणजे लिंबाच्या रसात आणि खनिज पाण्यात ऐन वेळी खाण्याचा सोडा टाकून फसफसविलेले सरबत. पेला उतू जातो, म्हणून पिणाऱ्याने पाय फाकवून पुढे वाकावे लागते, आणि या आसनावरूनच त्या पेयाचे नाव पडले आहे. सोडा-लिंबाच्या गाडीवर वाढलेल्या माणसाने ते अवश्य प्यावे. मात्र अंगावर पांढरा सदरा नसावा.

बिलाविषयी थोडे. ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी एक-दोन युरो आकारले जातात. टेबल, पाव आणि हात पुसावयाचे कापड यांचा हा खर्च. भारतीय प्रवासी ही रक्कम पाहून वाद घालतो आणि हरतो, कारण पदार्थपत्रकाच्या तळाशी ती छापलेली असते. ‘सेर्व्हित्सिओ’, म्हणजे सेवेचा आकार, काही ठिकाणी शेकडा दहापर्यंत असतो. तो लावलेला असला वा नसला तरी निराळी बक्षिसी देण्याचे बंधन नाही. न मागितलेले ‘सुरुवातीचे’ चार पदार्थ वाढपी आणून ठेवू लागला, तर ते फुकट आहेत असे गृहीत धरू नये. वेळांचेही पथ्य आहे. दुपारचे जेवण साधारण एक ते तीन, रात्रीचे आठनंतर. संध्याकाळी सहाला भुकेने व्याकूळ होऊन जो दार ठोठावतो त्याला केवळ प्रवाशांसाठी उघडी ठेवलेली महागडी घरेच सापडतात. रविवारी रात्री आणि ऑगस्टच्या मध्यास पुष्कळशी घरगुती त्रात्तोरिया बंद असतात; तेव्हा घरधनी स्वतः कोठे तरी समुद्रकाठी जेवत असतो.

हे सर्व पाळले तर दिवसाला वीस ते पंचवीस युरोंत तीन वेळचे चांगले खाणे होते. पण हे गणित किती दिवस टिकेल, हा नापोलीकरांपुढचाच प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांत प्रवाशांचा लोंढा वाढला. जुन्या शहरातील तळमजल्यावरच्या एकेका खोलीच्या घरांचे, ज्यांना ‘बास्सो’ म्हणतात त्यांचे, पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देण्याच्या खोल्यांत रूपांतर होऊ लागले. सुतार, चांभार, किराणावाले यांची दुकाने जाऊन तेथे तळणीची आणि सरबताची दुकाने आली. ज्यांच्या दारिद्र्याने हे पदार्थ घडविले त्यांनाच त्या गल्लीत राहणे परवडेनासे झाले आहे. म्हणून प्रवाशाने विया देई त्रिबुनालीवरची लांबलचक रांग सोडून सानिता, पिन्यासेक्का किंवा स्थानकामागच्या साध्या वस्तीतल्या भोजनगृहाकडे वळावे. तेथे जेवण स्वस्त आणि बरे मिळते, आणि पैसा त्या वस्तीत राहतो.

नेपल्सच्या बारमध्ये आणखी एक चाल आहे. एखादा माणूस एक कॉफी पितो आणि दोन कॉफींचे पैसे देऊन जातो. दुसरी कॉफी ‘सोस्पेसो’, म्हणजे टांगून ठेवलेली. नंतर कोणी निर्धन माणूस दारातून डोकावून विचारतो, ‘टांगलेली कॉफी आहे का?’ असली तर त्याला ती मिळते. देणाऱ्याने घेणाऱ्याचे तोंड पाहिलेले नसते, घेणाऱ्याला कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. मधल्या काळात ही चाल मागे पडली होती. अलीकडच्या वर्षांत तिचे पुनरुज्जीवन झाले, आणि काही बारमध्ये अशा पावत्या टाकण्यासाठी मांडणीवर एक जुनी कॉफीची किटली ठेवलेली दिसते. परगावच्या माणसानेही तीत पावती टाकली तर चालते. त्यासाठी सव्वा-दीड युरो जास्त लागतो.